अर्धी वीत की वीतभर? नागपुरात जुनी कूपे आणि जुनी एसयूव्ही

ऑडीने एप्रिल २०१५मध्ये टीटी कूपे भारतात आणली तेव्हा तिची शोरूम किंमत साठ लाखांच्या वर होती. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात टोयोटाची दुसऱ्या पिढीची फॉर्च्युनर आली, ती सव्वीस लाखांच्या आसपास सुरू व्हायची. नव्या असताना या दोन गाड्या एकाच गिऱ्हाइकाने पाहाव्यात असं काहीच नव्हतं. पहिली दोन दारांची, मागच्या सीट म्हणायला. दुसरी सात माणसं, डबे आणि पाण्याचा जार घेऊन शेगावला जाऊन येणारी. पण जुन्या बाजाराचं गणित निराळं असतं. टीटीचा भाव निम्म्याखाली उतरला, फॉर्च्युनरचा फारसा हललाच नाही. त्यामुळे पंचवीस-तीस लाख मोजायची तयारी असलेल्या नागपूरकरापुढे आज दोघी एकाच यादीत येऊ शकतात.

मग तो विचारतो, कुठली घेऊ? पानठेल्यावर विचारा, ऑफिसात विचारा, मिस्त्रीला विचारा, उत्तर एकच येतं. एसयूव्ही घे ना भाऊ, कूपे इकडे चालवशील कुठे? हे उत्तर बहुतेक घरांसाठी बरोबरच आहे. पण ते ज्या कारणांसाठी दिलं जातं, ती कारणं मला पटत नाहीत. एसयूव्ही मजबूत असते, तिला काही होत नाही, ती विकताना पैसे परत मिळतात, या तीन समजुतींवर आपल्याकडे लोक लाखो रुपये जास्त मोजतात. जुन्या एसयूव्हीचा भाव लोखंडावर कमी आणि नावावर जास्त ठरतो, आणि नावाचे पैसे देणाऱ्याला गाडीचं मागचं आयुष्य कोणी सांगत नाही.

आधी कूपेबद्दल थोडं. आपल्याकडे दोन दारांच्या गाडीला बाजार कधी मिळालाच नाही. टाटांनी १९९१ साली पुण्यातून सिएरा आणली, ती मागचं दार धरून तीन दारांची होती. दिसायला देखणी, आजही लोक तिची आठवण काढतात. पण मागे बसायला पुढची सीट वाकवावी लागे आणि एकत्र कुटुंबात आजीला तसं बसवणार कोण? दिलीप छाब्रिया यांच्या डीसी डिझाइनने अवंती ही स्पोर्ट्स कूपे केली, इंजिन सीटच्या मागे, दोन लिटरचं रेनोचं टर्बो. अस्सल महाराष्ट्रात घडलेली गाडी, पण तीही मोजक्याच लोकांकडे गेली. बाकीच्या कूपे बाहेरून तयार होऊन येतात, त्यांच्यावर आयात शुल्कच शंभर टक्क्यांच्या आसपास. म्हणजे युरोपात मध्यमवर्गीय डॉक्टरही घेऊ शकेल अशी गाडी इथे येईपर्यंत बंगल्याच्या भावाची होते.

याचाच दुसरा अर्थ असा की, पहिला मालक जो पैसा गमावतो त्यात त्याने भरलेलं शुल्क आणि कर हाच मोठा भाग असतो. दुसऱ्या मालकाच्या हाती येते ती त्या करातून सुटलेली गाडी. टीटीचं २३० हॉर्सपॉवरचं इंजिन, चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा, जर्मन बांधणी, हे सगळं फॉर्च्युनरच्या भावात. शिवाय कूपे बहुधा हौशी माणसाची दुसरी-तिसरी गाडी असते. रविवारी सकाळी फुटाळ्यापर्यंत, कधी वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत. शेडमध्ये राहते, कापड पांघरून असते. तिचं आयुष्य वाचायला सोपं असतं.

एसयूव्हीचं तसं नाही. विदर्भात एसयूव्ही हे कामाचं जनावर आहे. कंत्राटदाराची असेल तर ती रेतीघाटावर उतरलेली असते, बागायतदाराची असेल तर काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या बागेत बांधावरून गेलेली असते. पुढाऱ्याची असेल तर दर डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाला सिव्हिल लाइन्समध्ये तासन् तास एसी लावून उभी राहिलेली असते. इंजिन चालू, चाकं थांबलेली. मीटरवर एक किलोमीटरही चढत नाही, पण इंजिनाचे तास वाढत राहतात. मीटर मागे फिरवणं हा तर जुना धंदा. म्हणून जुन्या एसयूव्हीचं मीटर सगळ्यात शेवटी पाहावं. ब्रेक-क्लचच्या पेडलचं रबर, ड्रायव्हरच्या सीटची उजवी कड आणि स्टिअरिंगचं चामडं आधी पाहावं. साठ हजार किलोमीटरच्या गाडीत पेडलचं रबर गुळगुळीत होत नाही.

आणि पोटाखाली बघावं. गाडी रॅम्पवर चढवायला लावा, मालक नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा. फ्रेमवर दगडाचे घाव आहेत का, पुढच्या सस्पेन्शनचे बुश फाटले आहेत का, डिफरन्शियलखाली तेल ओघळलंय का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, काळा रंग नवा मारलाय का. आठ वर्षांच्या गाडीचं पोट जर रंगवलेल्या खिडकीच्या गजासारखं चकचकीत दिसत असेल, तर कोणीतरी काहीतरी झाकलंय.

नागपुरात झाकण्यासारखी एक मोठी गोष्ट २०२३ साली घडली. शनिवार, २३ सप्टेंबर. मध्यरात्रीनंतर काही तासांत शहरावर शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीने पात्र सोडलं. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या वस्त्यांत लोक झोपेतून उठले तेव्हा घरात पाणी होतं. सीताबर्डीत मोरभवन बसस्थानकावर उभ्या बसगाड्या बुडाल्या. माणसं गेली, हजारो घरांचा संसार चिखलात गेला. आणि अंगणात, तळघरात, रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या गाड्या पाण्याखाली गेल्या.

त्या सगळ्या गाड्या भंगारात गेल्या नाहीत. काही विमा कंपन्यांनी पूर्ण नुकसान धरून लिलावात काढल्या, काही मालकांनी स्वतःच धुऊन वाळवून दुरुस्त केल्या. अशा गाड्या पुढे कुठे ना कुठे विकल्या जातात, कधी शहरातच, कधी छिंदवाडा, बालाघाट, यवतमाळकडे. धुतलेली गाडी वरून ओळखूच येत नाही. शहरातल्या एका यार्डात मी एक पांढरी एसयूव्ही पाहिली. पॉलिश केलेली, आत अत्तराचा वास, सीटवर नवी कव्हरं. ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट हळूहळू ओढत गेलो. पहिला हात-दीड हात स्वच्छ करडा पट्टा. मग जो भाग एरवी गुंडाळीत राहतो, जो कोणी कधी बाहेर काढत नाही, तिथे आडवी तपकिरी रेघ आली आणि तिच्या खालचा सगळा पट्टा मळकट, बोटाला कडक लागणारा. चिखल वाळलेला. स्टेपनीच्या खड्ड्यातला गालिचा उचलला तर बोल्टवर नारिंगी गंज. डॅशबोर्डखाली हात घातला तर फ्यूजपेटीच्या कोपऱ्यात बारीक माती. विकणाऱ्याला विचारलं तेव्हा त्याने गाडी नुकतीच आल्याचं सांगितलं आणि दुसरी दाखवायला सुरुवात केली.

पुराच्या बाबतीत कूपे आणि एसयूव्हीची तुलना बघण्यासारखी आहे. टीटीच्या पोटाखाली अर्ध्या वितीहून थोडी जास्त जागा, फॉर्च्युनरच्या पोटाखाली वीतभर. साहजिकच कूपेत पाणी लवकर शिरतं, आणि तिच्या सीटखाली, दारांत, डिकीत इतकी इलेक्ट्रॉनिक्स असतात की गुडघाभर पाण्यातही ती खर्चाच्या दृष्टीने संपते. म्हणून पुरात सापडलेली कूपे बहुधा दुरुस्तच होत नाही, आणि बाजारात आलीच तर दर महिन्याला नवा दिवा लावते, लपून राहत नाही. एसयूव्हीचा धोका वेगळा आहे. फॉर्च्युनर सातशे मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते असं कंपनी सांगते, पण तो आकडा सावकाश, लाट न उठवता जाण्याचा आहे. आपला माणूस उंच गाडीत बसला की पाण्यात घुसतो. हवेच्या नळीतून पाणी इंजिनात गेलं की पिस्टन ते दाबायला जातो, पाणी दबत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. वाकलेल्या रॉडवर इंजिन कधी कधी चालूही होतं, महिनोन् महिने चालतं, आणि मग समृद्धी महामार्गावर भर वेगात ब्लॉक फोडतं. साध्या विमा पॉलिसीत अशा इंजिनाचे पैसे बहुधा मिळत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनची वेगळी जोड घ्यावी लागते.

आता ऊन. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली. दर वर्षी इतकं तापत नसलं तरी पंचेचाळीसचे दिवस आपल्याला नवे नाहीत. या उन्हात गाडीचं रबर आधी मरतं. दारांच्या बीडिंगा, कूलंटचे पाइप, इंजिनाचे माउंटिंग, बॅटरी. जी कूपे हौसेने जपली पण महिना-महिना चालवलीच नाही, तिचं हे सगळं कमी किलोमीटरवरही संपलेलं असतं. बारा हजार किलोमीटर चाललेली आठ वर्षांची गाडी हा मोठा लाभ वाटतो, पण तिचे टायर मूळचेच असतील तर ते टाकून द्यायचे असतात. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१८ म्हणजे २०१८चा तेविसावा आठवडा. एवढं वाचायला कोणताही मिस्त्री लागत नाही. टीटीची ड्युअल क्लच गिअरपेटी उन्हात, ट्रॅफिकमध्ये तापते. म्हणून ट्रायल भर दुपारी घ्यावी, गाडी पूर्ण तापल्यावर, सदर किंवा बर्डीच्या गर्दीत. सकाळी सातच्या ट्रायलीत सगळ्याच गाड्या चांगल्या असतात.

रस्त्यांचं म्हणाल तर नागपूर आता कूपेला पूर्वीइतकं परकं राहिलेलं नाही. सिमेंटचे रुंद रस्ते झाले, वर्धा रोडला खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल आणि वर मेट्रो असा दुमजली पूल झाला. पण गतिरोधक कुठल्या मापात बसवलेले नाहीत. वस्तीतले उंचवटे रहिवासी आपल्या मनाने टाकतात. अर्ध्या वितीची गाडी अशा उंचवट्यावर तिरकी चढवावी लागते, एक चाक आधी, एक मागून. तरीही पुढचा ओठ घासतोच. म्हणून जुनी कूपे पाहताना गुडघ्यावर बसून पुढच्या बंपरची खालची कड हाताने चाचपावी. तिथे ओरखडे असणं हे प्रामाणिकपणाचं लक्षण आहे, नवाकोरा बंपर मला जास्त खटकतो. रिमची आतली कड वाकलेली आहे का, हे चाक उचलून फिरवल्यावर कळतं.

महाल-इतवारीच्या गल्ल्यांत मात्र चित्र उलट. फॉर्च्युनर जवळपास ४.८ मीटर लांब, टीटी सव्वाचार मीटरच्या आत. सराफ्यात गेल्यावर लहान गाडीचं मोल कळतं.

समृद्धी महामार्गाने या तुलनेत मोठा फरक आणला. ११ डिसेंबर २०२२ला नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, ५ जून २०२५ला शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा, आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता मुंबईच्या दारापर्यंत पूर्ण झाला. मोटारींना वेगमर्यादा १२०. लोकांना वाटतं, हा कूपेचा रस्ता. वेगमर्यादेत राहायचं असेल, आणि राहिलंच पाहिजे, तर दोन्ही गाड्या तो वेग सहज देतात. फरक थांबताना आणि वळताना दिसतो. टीटीचं वजन फॉर्च्युनरपेक्षा अर्ध्या टनाहून अधिक कमी, बूड जमिनीला लागून. अचानक समोर रानडुक्कर आलं आणि स्टिअरिंग झटकलं, तर बसकी गाडी सावरते, उंच गाडी कलते. १ जुलै २०२३च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ या महामार्गावर बस उलटून पेटली आणि २५ जण गेले. त्या रस्त्यावर जुनी, दोन टनांची, सात माणसं भरलेली गाडी जुन्या टायरवर १२०ने नेणं मला मान्य नाही. एसयूव्हीत बसल्यावर जो सुरक्षित वाटण्याचा भाव येतो, तो उंचीमुळे येतो, ब्रेकमुळे नाही.

दुरुस्तीच्या बाबतीत एसयूव्ही उघड जिंकते. फॉर्च्युनरचा सुटा भाग नागपुरात मिळतो, तिच्यावर हात बसलेले मिस्त्री चंद्रपूर-गोंदियातही आहेत, आणि २००२ साली नाशिकहून आलेल्या स्कॉर्पिओचं तर काही विचारायलाच नको. टीटीचा शेवटचा नग नोव्हेंबर २०२३मध्ये हंगेरीतल्या ग्योरच्या कारखान्यातून बाहेर पडला. भाग मिळतात, पण मागवावे लागतात, आणि तोवर गाडी उभी. कंपनी देश सोडून गेली तर काय होतं तेही आपण पाहिलंय. फोर्डने ९ सप्टेंबर २०२१ला इथलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. एंडेव्हर ही तिची दणकट एसयूव्ही आणि मस्टँग ही व्ही-८ कूपे, दोन्हींचे मालक एका दिवसात पुढच्या भागांची काळजी करू लागले. नव्याने घेणाऱ्याला एंडेव्हर आज भावात परवडते ती याच काळजीमुळे. ज्याच्याकडे चांगला मिस्त्री आहे त्याने ती जरूर पाहावी. फॉर्च्युनरइतकीच गाडी, नावाचे पैसे कमी.

डिझेलबद्दल एक गोष्ट यार्डात कोणी सांगत नाही. एप्रिल २०२०नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. ती साफ व्हायला गाडी काही वेळ सलग, एकसारखी पळावी लागते. मुलांची शाळा, धरमपेठ आणि घर एवढंच फिरणाऱ्या एसयूव्हीची जाळी तुंबते. तुमचा वापर शहरातलाच असेल तर जुनी डिझेल एसयूव्ही घेऊच नका, पेट्रोलची बघा. आणि पेट्रोलची, मग ती कूपे असो की एसयूव्ही, घेताना इंधनाच्या झाकणामागची पाटी वाचा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, जुन्या पुष्कळ गाड्या दहा टक्क्यांच्या हिशेबाने केलेल्या आहेत. रबरी नळ्या आणि पंप त्या दृष्टीने तपासून घ्या.

भावाची घासाघीस करताना हल्लीचे दोन बदल कामाला येतील. सप्टेंबर २०२५मध्ये मोठ्या एसयूव्हींवरचा कर, जो जीएसटी आणि उपकर धरून पन्नास टक्क्यांपर्यंत जात होता, तो चाळीसवर आला. नवी गाडी स्वस्त झाली तर जुनीही व्हायला हवी, पण विकणारे जुन्या किमतीच्याच हिशेबाने बोलतात. त्यांना नव्या किमतीचा कागद दाखवा. दुसरं, जानेवारी २०२५पासून सगळ्याच जुन्या गाड्यांच्या व्यवहारात नोंदणीकृत डीलरला त्याच्या नफ्यावर अठरा टक्के कर भरावा लागतो. हा कर फक्त नफ्यावर आहे, पूर्ण किमतीवर नाही, आणि मालकाकडून थेट घेतली तर लागतच नाही. पूर्ण किमतीवर जीएसटी सांगणाऱ्याला तिथेच थांबवा.

दिल्ली पासिंगची डिझेल एसयूव्ही स्वस्त का मिळते, हेही जाणून घ्या. तिथे दहा वर्षांनंतर डिझेल गाडी चालवण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, म्हणून वर्षं भरत आलेल्या गाड्या एनओसी घेऊन बाहेरच्या राज्यांत निघाल्या. त्या न्यायालयाच्या ताज्या आदेशांनी चित्र बदलत असलं तरी आधी आलेल्या गाड्या बाजारात आहेतच. एमएच ३१, ४० किंवा ४९ नंबर घ्यायचा म्हणजे इथला रस्ता कर भरावा लागतो, आणि तो धरला की स्वस्ताई बरीचशी विरते. नागपूरकराने शक्यतो नागपूर पासिंगचीच गाडी घ्यावी असं मी म्हणेन, तिची माहिती इथेच मिळते.

कागदांत दिरंगाई नको. फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवल्याचा फॉर्म ३५. विमा नावावर करून घ्यायला चौदा दिवसांत अर्ज करायचा, आणि नो क्लेम बोनस जुन्या मालकाकडेच राहतो, गाडीबरोबर येत नाही. हे विकणाऱ्यासाठीही तितकंच गरजेचं. फेब्रुवारी २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. गाडी चार हात फिरली असली तरी.

आता कंपन्याच दोन्ही घाट एकत्र करू लागल्यात. टाटांची कर्व्ह, महिंद्राची चाकणला तयार होणारी बीई ६, उंच बूड आणि मागे उतरतं छप्पर. जुन्या बाजारात त्या पुरेशा संख्येने यायला अजून काही वर्षं लागतील.

तोवर माझा कौल असा. घरात एकच गाडी असणार असेल, म्हातारी माणसं असतील, रामटेक-शेगाव-चिखलदरा होत असेल, तर जुनी एसयूव्हीच घ्या. पण पाच-सहा वर्षांच्या आतली, एकाच हाताची, कंपनीत सर्व्हिस झाल्याच्या नोंदी असलेली. दहा वर्षांची मोठ्या नावाची घेण्यापेक्षा पाच वर्षांची लहान नावाची बरी. घरात दुसरी गाडी असेल, सावलीची शेड असेल, आणि किमतीच्या पंधरा-वीस टक्के रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला ठेवता येत असेल, तर कूपे घ्यायला बिचकू नका. पुढच्या पाच वर्षांत त्या पैशात जी बांधणी आणि जो आनंद ती देते, तो याच भावातली कुठलीच एसयूव्ही देत नाही. आणि यांतली कुठलीही घ्या, २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे ती गाडी कुठे उभी होती हे मालकाला विचारल्याशिवाय आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका.